पुराबरोबर वर येणारा मासा

जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या भारत मंडपममध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीचं अधिवेशन भरलं होतं. भारतात पहिल्यांदाच. त्या दिवसांत आपल्या पेपरांत एकच बातमी गाजली, आसामच्या अहोम राजघराण्याची मोइदाम ही दफनस्थळं यादीत आल्याची. साहजिकच आहे. पण त्याच अधिवेशनात आणखी एका जागेचं नाव यादीत चढलं आणि ते आपल्याकडे बहुतेकांच्या नजरेतून निसटलं. व्येत्रेनित्सा गुहा, राव्नो, बोस्निया आणि हर्झेगोविना. एवढी जोडाक्षरं बघितली की माणूस पानच उलटतो.

व्येत्रेनित्सा म्हणजे वाऱ्याची गुहा. उन्हाळ्यात तिच्या तोंडातून गार वारा भसाभस बाहेर येतो म्हणून हे नाव. आतापर्यंत साधारण सात किलोमीटर मोजून झाली आहे. आत दोनशेच्या आसपास प्रकारचे जीव सापडलेत, त्यातले कितीतरी कायम अंधारातच जगणारे. वारसा यादीत ती आली ती या जिवांमुळे. मी त्या गुहेबद्दल वाचायला बसलो आणि गुहा राहिली बाजूला, तिच्या परिसरातल्या एका बोटभर माशापाशी अडकलो. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

त्या माशाचं नाव गाओवित्सा. शास्त्रीय नाव डेल्मिनिक्थिस घेटाल्दी. आकाराने दहा-बारा सेंटिमीटर, दिसायला आपल्या ओढ्यातल्या मळ्या-मुऱ्यांसारखा, शोभेच्या टाकीत ठेवावा असं त्याच्यात काही नाही. हा मासा पूर्व हर्झेगोविनात सापडतो, पोपोवो नावाच्या एका लांबट खोऱ्यात आणि त्याला लागून असलेल्या पाण्यांत. आणि तो वर्षाचा मोठा भाग जमिनीखाली काढतो. म्हणजे शब्दशः जमिनीखाली, चुनखडीच्या डोंगराच्या पोटात वाहणाऱ्या पाण्यात.

आता हे समजायला तिथली जमीन समजून घ्यावी लागेल, कारण आपली तशी नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर बसलेला. पाऊस पडला की पाणी वरून वाहतं, ओढ्याला मिळतं, ओढा नदीला मिळतो. अजिंठा-वेरूळच्या गुहा माणसाने छिन्नीने कोरल्या, पाण्याने नाही. चुनखडीचं तसं नसतं. पावसाचं पाणी जरासं आम्लधर्मी असतं, ते चुनखडीच्या भेगांत शिरतं आणि दगड विरघळवत जातं. हजारो-लाखो वर्षं हे चाललं की भेगांचे बोगदे होतात, बोगद्यांच्या नद्या होतात. अशा प्रदेशाला कार्स्ट म्हणतात. हा शब्दच मुळी स्लोव्हेनिया-इटलीच्या सीमेवरच्या एका पठाराच्या नावावरून आलाय. योव्हान स्वियिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने १८९३ मध्ये यावर जो ग्रंथ लिहिला, त्यानंतर तिकडच्या शेतकऱ्यांचे साधे शब्द जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत गेले. पोल्ये म्हणजे शेत, सपाट मैदान. पोनोर म्हणजे जमिनीतलं ते भोक, ज्यात नदी नाहीशी होते.

नदी भोकात नाहीशी होते, हे मी सहज लिहून गेलो. पण विचार करा, आपल्या गावाची नदी शिवाराच्या टोकाला जाऊन एका खड्ड्यात पडते आणि संपते. पुढे पात्र नाही, संगम नाही, काही नाही.

त्रेबिश्नित्सा ही तशी नदी. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या लुप्त होणाऱ्या नद्यांत तिची गणना होते. बिलेचा गावाजवळ ती मोठ्या झऱ्यांतून उगवायची, त्रेबिन्ये शहरातून वाहायची, मग पोपोवोच्या मैदानात शिरायची आणि तिथल्या पोनोरांतून हळूहळू जमिनीत जिरत जायची. या एका मैदानात पोनोर म्हणावीत अशी भोकं पाचशेच्या वर मोजलीत. काही बशीएवढी, काहींत घर मावेल. त्यांत गेलेलं पाणी डोंगराखालून जाऊन एड्रियाटिक समुद्राच्या काठाला बाहेर पडतं. डुब्रोवनिक शहराचं पिण्याचं पाणी ज्या ओंब्ला झऱ्यातून येतं, तो झरा याच पाण्याचा. 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये ज्या तटबंदीच्या शहराची दृश्यं बघितली ना, तेच डुब्रोवनिक. त्याची तहान डोंगरापलीकडच्या, दुसऱ्या देशातल्या पावसावर भागते.

मैदान तीसेक किलोमीटर लांब आणि रुंदीला किलोमीटर-दोन-तीन, काही ठिकाणी त्याहून कमी. दोन्ही बाजूंनी उघडे दगडी डोंगर. शरद ऋतूत तिकडे धो धो पाऊस सुरू होतो. पोनोरांची पाणी गिळण्याची एक मर्यादा असते. ती संपली की मैदान भरायला लागतं. त्याहून मोठी गंमत म्हणजे, काही भोकं उलटी चालतात. उन्हाळ्यात पाणी गिळणारं तोंड हिवाळ्यात पाणी ओकायला लागतं, कारण डोंगराखालची पोकळी तुडुंब झालेली असते. मग पोपोवोचं शेत उरत नाही, सरोवर होतं. लोक मैदानातून होड्या चालवायचे. वसंत सरला की पाणी उतरायचं, मागे गाळ राहायचा आणि त्या ओल्या गाळात मका पेरायचा. गावं म्हणूनच मैदानात नाहीत, सगळी डोंगराच्या उतारावर, पुराच्या रेषेच्या वर. मैदान पाण्याचं, उतार माणसांचा, अशी वाटणी कुणी कागदावर केली नव्हती पण पाळली जात होती.

गाओवित्सा या वाटणीत बसलेला मासा. मैदान कोरडं असताना तो खाली, डोंगराच्या पोटात. पूर आला की ओकणाऱ्या भोकांतून पाण्याबरोबर वर. वरच्या उथळ पाण्यात बुडालेल्या गवतात खायला भरपूर, तिथेच खाणं, तिथेच वाढणं, आणि पाणी उतरायला लागलं की पुन्हा खाली. त्याचे डोळे शाबूत आहेत, रंग आहे, कारण त्याला दोन्ही जगांत राहायचं असतं. पूर्ण आंधळे, पांढरेफटक गुहामासे वेगळे. तसा आपल्याकडेही आहे बरं का. मेघालयात जयंतिया टेकड्यांतल्या क्रेम उम लडॉ या गुहेत २०१९ मध्ये संशोधकांना चाळीस सेंटिमीटरहून लांब आंधळे मासे मिळाले, महसीरच्या कुळातले. जगातला सगळ्यात मोठा भूमिगत मासा. २०२३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती म्हणून मान्यता मिळाली आणि तिथल्या पनार लोकांवरून निओलिसोकिलस पनार हे नाव दिलं गेलं. गाओवित्सा त्या वाटेवर अर्ध्यातच थांबलेला दिसतो.

कोकणातल्या, मावळातल्या लोकांना मी हे सांगायला नको. पहिल्या पावसाला ओढे फुगले की मासे उलट्या धारेने खाचरांत चढतात. चढणीचे मासे, कुठे वलगणीचे म्हणतात. रात्री बत्त्या घेऊन अख्खी वाडी बाहेर पडते. पोपोवोत हेच, फक्त मासा ओढ्यातून न येता जमिनीच्या तोंडातून यायचा.

आणि लोकांनी ती तोंडं ओळखून ठेवली होती. कोणत्या भोकातून आधी पाणी येतं, कोणतं उशिरा गिळायला लागतं, कुठे मासा जमा होतो. काटक्यांचे विणलेले सापळे, तोंडाशी रुंद आणि आत निमुळते, मासा आत जातो पण परत फिरू शकत नाही असे, ते या तोंडांशी लावायचे. ताजा मासा तळून किंवा कालवणात, उरलेला सुकवून ठेवायचा. आपल्या सुकटीचं जे स्थान, तेच त्या सुक्या गाओवित्साचं. दगडी मुलूख, शेत वर्षातून काही महिनेच मोकळं, गुरं थोडी. हिवाळ्यात ताटात प्रथिनं म्हणून जे काही यायचं त्यात या बोटभर माशाचा वाटा मोठा होता. दुष्काळाच्या, उपासमारीच्या दिवसांत तर तो आधारच. पोपोवोच्या लोकांचं जगणं आणि चालीरीती ल्युबो मिचेविच यांनी टिपून ठेवल्या, त्यांचं पुस्तक १९५२ मध्ये बेलग्रेडहून निघालं. अलीकडे इवो लुचिच या संशोधकाने पोपोवोच्या निमित्ताने कार्स्टच्या ज्ञानाचा सगळा इतिहासच २००९ च्या प्रबंधात मांडला. ही माणसं नसती तर हा मासा फक्त मत्स्यशास्त्राच्या यादीत एक ओळ म्हणून उरला असता.

पाणी भोकात जाताना वेगाने पडतं, तर त्यावर जातं का फिरवू नये, असंही लोकांना सुचलं. पोनोरांच्या तोंडावर पाणचक्क्या होत्या, धान्य दळायला. म्हणजे एकच भोक पीठ द्यायचं, मासा द्यायचं आणि शेतातलं पाणीही काढून न्यायचं. पोनोर तुंबला तर पाणी उशिरा उतरणार, पेरणी मागे पडणार, म्हणून त्याची तोंडं मोकळी ठेवणं हे गावाचं काम. आपल्याकडे पाट मोकळा ठेवायला फडकरी जायचे तसं काहीसं.

असा मासा तिथेच होता असं नाही. थोडं वर, आजच्या स्लोव्हेनियात, त्सेर्कनिका नावाचं सरोवर असंच दरवर्षी येतं आणि जातं. यानेझ वाल्वासोर या सरदाराने सतराव्या शतकात त्याचं इतकं बारीक वर्णन केलं, की त्या कामावर १६८७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. एका येणाऱ्या-जाणाऱ्या तळ्याने माणसाला लंडनपर्यंत नेलं. पोपोवोला तसा सरदार मिळाला नाही. ते तेव्हा ऑटोमन साम्राज्याच्या कडेला होतं, आणि साम्राज्याच्या कडेला राहणाऱ्यांचे मासे सहसा कुणी लिहून ठेवत नाही.

चित्र बदललं १८७८ नंतर. बर्लिनच्या तहाने बोस्निया-हर्झेगोविनाचा कारभार ऑस्ट्रिया-हंगेरीकडे गेला. नवा सत्ताधारी आला की आधी मोजणी होते, हे आपल्याला ब्रिटिशांमुळे पाठ आहे. डोंगर मोजले, पाणी मोजलं, आणि मासेसुद्धा. १८८२ मध्ये व्हिएन्नाच्या फ्रान्झ श्टाइन्डाखनर यांनी गाओवित्साचं शास्त्रीय वर्णन केलं. लोकांनी कितीतरी पिढ्या खाल्लेला मासा त्या वर्षी 'सापडला'. १९०१ मध्ये पोपोवोच्या कडेने चिंचोळ्या रुळांची रेल्वे सुरू झाली, रुळांतलं अंतर ७६० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा जरासं जास्त. झावाला स्टेशनात उतरलं की व्येत्रेनित्सा चालत जाण्यासारखी. मग चेक संशोधक कारेल आब्सोलोन आले आणि त्यांनी या गुहांतले जीव जगापुढे आणले. गोड्या पाण्यात, अंधारात, खडकाला चिकटून चुन्याच्या नळ्या करून राहणारा मारिफुगिया नावाचा किडा त्यांनी १९३० मध्ये एका सहकाऱ्याबरोबर शास्त्रात नोंदवला. या जातीच्या नळीकिड्यांत जमिनीखालच्या गोड्या पाण्यात राहणारा जगात हा एकच. त्यानंतर १९६२ मध्ये कोंगेरिया नावाचा गुहेतला शिंपला. त्याचे उजेडातले नातेवाईक लाखो वर्षांपूर्वीच संपलेत.

या सगळ्या जिवांना एकच गोष्ट लागते. वरून येणारा पूर. गुहेत ऊन नाही, म्हणजे गवत नाही, शेवाळ नाही, अन्न तयार होतच नाही. पुराचं पाणी पालापाचोळा, गाळ, किडे घेऊन भोकांतून आत उतरतं, तेच त्यांचं वर्षाचं धान्य. नळीतला किडा आणि शिंपला तर जागचे हलतही नाहीत. पाणी त्यांच्यापर्यंत आलं तर जेवण, नाही आलं तर उपास.

हे लक्षात ठेवा आणि पुढचं वाचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर युगोस्लाव्हिया उभा राहिला. टिटोंचा देश. नेहरू, नासर आणि टिटो, अलिप्ततावादाचे तिघे, असं आपण शाळेत घोकलंय. विकासाच्या बाबतीतही नेहरूंच्या आणि टिटोंच्या देशांची भाषा एकच होती, धरण, वीज, कारखाना. आपल्याकडे कोयना उभं राहत होतं त्याच काळात त्यांची नजर त्रेबिश्नित्सावर पडली. आणि अभियंत्यांच्या दृष्टीने बघितलं तर नजर पडणारच. एवढी मोठी नदी, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटर उंच, आणि ती सरळ जमिनीत मुरून जाते. वाया जातं पाणी! 'वाया' हा शब्द आपल्या पाटबंधारे खात्याच्या प्रत्येक फाइलमध्ये असतो, समुद्राला मिळणारं पाणी म्हणजे वाया.

१९६५ मध्ये सोळा किलोमीटरहून लांब बोगद्यातून त्रेबिश्नित्साचं पाणी थेट डुब्रोवनिकजवळ समुद्रकाठी नेलं, तिथे वीजघर. १९६७ मध्ये ग्रांचारेवोचं १२३ मीटर उंच धरण भरायला लागलं आणि बिलेचाचा जलाशय तयार झाला. नदीचे मूळ झरे त्या पाण्याखाली गेले. नदी आपल्याच उगमावर बुडाली. आर्सलानागिचचा १५७४ चा दगडी पूल बुडीतात जाणार होता, तो चिरा-चिरा उकलून त्रेबिन्येजवळ पुन्हा बांधला, १९७२ पर्यंत ते काम चाललं. दोब्रिचेवोचा जुना मठही हलवला. पूल आणि मठ हलवता येतात. त्यांचा नकाशा करता येतो, चिऱ्यांवर आकडे टाकता येतात.

पण पोपोवोचं काय करायचं हा प्रश्न राहिला होताच. खाली चाप्लिनाजवळ आणखी एक वीजघर बांधायचं होतं, चारशे मेगावॅटहून मोठं, आणि त्याला पाणी पोपोवोच्या खालच्या टोकावरून मिळणार होतं. आता पाणी तिथपर्यंत जायचं तर वाटेत शेकडो भोकं. चाळणीतून पाणी नेण्यासारखं ते. मग त्यांनी काय करावं? नदीच लिंपून काढली. साठ किलोमीटरहून जास्त लांबीचं पात्र, तळ आणि काठ, सगळं काँक्रीटने. वाटेतले पोनोर बुजले. १९७९ मध्ये हे काम पुरं झालं. युरोपात असा नदीचा कालवा दुसरा नाही, हे तिथले अभियंते अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे, खोटं कशाला बोलू. कार्स्टमध्ये जलाशय टिकत नाही असं जगभर मानलं जायचं. यांनी टिकवून दाखवला. जगभरचे अभियंते ते बघायला-शिकायला जातात.

पोपोवोचा मोठा पूर त्यानंतर इतिहासजमा झाला.

वर्षातले कितीतरी महिने पाण्याखाली जाणारी जमीन आता बारमाही मोकळी. दुबार पीक, सिंचन, वीज, रस्ता. विरोध करायला जागा तरी कुठे होती? आणि खरं सांगायचं तर तिथल्या शेतकऱ्याला पुराचा पुळका होता असं मला वाटत नाही. पूर उशिरा उतरला की मका बुडायचा. अवेळी पूर आला की उभं पीक जायचं. शहरात बसून पुराचं कौतुक करणं सोपं. त्यामुळे हे सगळं कुणी दुष्टपणे केलं, असं म्हणायचा माझा विचार नाही.

म्हणायचंय ते वेगळं. मी तालुक्याच्या बातम्या करतो. प्रकल्पग्रस्तांच्या मूल्यांकनाच्या याद्या हातात येतात. त्यात घर असतं, गोठा असतो, विहीर असते, आंबा किती, फणस किती, सागवान किती, सगळ्याला रकाना असतो. नदीत उतरून संध्याकाळच्या कालवणापुरते मासे आणणाऱ्या बाईला रकाना नसतो. ती मासे विकत नाही, म्हणून तिचं उत्पन्न नाही. उत्पन्न नाही, म्हणून नुकसान नाही. धरण झाल्यावर ती बाजारातून मासे विकत घेते, तेव्हा ती पहिल्यांदा अर्थव्यवस्थेत येते, आणि त्याला आपण विकास म्हणून मोजतो. गाओवित्साचं हेच झालं. ज्याचा कधी सातबारा नव्हता, ज्याच्यावर कधी खंड बसला नव्हता, ते वजाबाकीत येणार कुठून?

पूर थांबला म्हणजे माशाचा जिना काढून घेतला. खाली तो राहू शकतो, पण तिथे वाढायला अन्न नाही. वर यायचं तर पाणी हवं, ते काँक्रीटच्या पन्हळीतून वीजघराकडे चाललंय. मासा पूर्ण नाहीसा झालेला नाही. पण एकेकाळी सापळे भरून मिळणारा मासा आज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत आहे, संकटाच्या छायेतला म्हणून. काँक्रीटने तोडलेल्या पोनोरांत मारिफुगियाच्या रिकाम्या नळ्या भिंतींवर तशाच चिकटून आहेत, आत कुणी नाही. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी गाओवित्साला जुन्या वंशातून (जीनसमधून) काढून नव्या वंशात घातलं आणि डेल्मिनिक्थिस हे नवं नाव दिलं. ताटातून गेला आणि नामावळीत बढती मिळाली.

आता तुम्ही विचाराल, निदान शेती तरी फुलली का? इथे गोष्ट आणखी वाकडी होते. १९७६ मध्ये ती छोटी रेल्वे बंद झाली. ज्या गावांचा बाहेरच्या जगाशी संबंध त्या रुळांवर होता ती ओस पडू लागली, तरुण किनाऱ्यावरच्या हॉटेलांत, त्याच्याही पुढे जर्मनीत गेले. म्हणजे जमीन पाण्यातून मोकळी झाली आणि तीन वर्षांआधीच तिथून माणूस नेणारी वाट पक्की झाली होती. मग युद्ध. बोस्नियाचं युद्ध एप्रिल १९९२ मध्ये सुरू झालं असं पुस्तकात लिहितात. राव्नो त्याच्या सहा महिने आधीच, ऑक्टोबर १९९१ मध्ये, डुब्रोवनिककडे निघालेल्या युगोस्लाव्ह सैन्याने बेचिराख केलं होतं. आज पोपोवोच्या मैदानातून बोस्नियाच्या दोन घटकांमधली अंतर्गत सीमारेषा जाते. वरचा भाग सर्बबहुल प्रजासत्ताकात, त्रेबिन्येकडे. खालचा राव्नोकडे, फेडरेशनमध्ये. राव्नोच्या अख्ख्या नगरपालिकेची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. दगडी घरं आहेत, छपरं नाहीत. जुन्या रेल्वेच्या मार्गावर आता सायकलवाले पर्यटक फिरतात.

नदीची वाटणी तर आणखी मजेशीर. धरण बोस्नियातल्या सर्ब भागात, बोगदा डोंगराखालून, वीजघर क्रोएशियात. देश फुटल्यावर डुब्रोवनिकच्या वीजघरातल्या दोन जनित्रांपैकी एकाची वीज एकाला, दुसऱ्याची दुसऱ्याला. चाप्लिनाचं वीजघर तिसऱ्याच कंपनीकडे. एकाच पाण्याची तीन बिलं. कृष्णेच्या वाटपावरून तीन-चार राज्यांनी लवादापुढे घातलेली वर्षं आठवा, आणि ती एकाच देशातली राज्यं होती.

नदी वरून तोडली की खालून कुठे कुठे तुटते याचा हिशेब अजून चालू आहे. ओंब्लाच्या झऱ्यामागे, डोंगराच्या आतच, गुहांना बांध घालून भूमिगत धरण करायचा घाट क्रोएशियात घातला गेला होता. त्याला युरोपियन पुनर्रचना आणि विकास बँकेने कर्जही मंजूर केलं. त्या गुहांत वटवाघळं आणि तसेच अंधारातले जीव. पर्यावरणवाल्यांनी आरडाओरडा केला, निसर्गावरच्या परिणामांचा अभ्यास करायला लावला, आणि २०१३ मध्ये बँकेने अंग काढून घेतलं. म्हणजे मोजायला लावलं की निकाल बदलू शकतो. १९७९ मध्ये पोपोवोत ते मोजायला लावणारं कुणी नव्हतं.

उलट दिशेचं कामही जोरात आहे. त्रेबिश्नित्साच्या वरच्या अंगाला गाच्को, नेवेसिन्ये, डाबर, फात्नित्सा अशी आणखी पोल्ये आहेत, पायऱ्यांसारखी एकावर एक. त्यांचं पाणीही बोगद्यांतून बिलेचाच्या जलाशयाकडे वळवायची योजना कित्येक दशकांची आहे, तिचं नाव 'वरची क्षितिजं'. फात्नित्सापासूनचा बोगदा २००६ मध्ये झालाच. डाबरच्या वीजप्रकल्पाचं काम हाती घेतलंय. जे पाणी इकडे वळेल ते आज जमिनीखालून दुसऱ्या बाजूला, ब्रेगावा नदीला आणि नेरेत्वाच्या खोऱ्याला मिळतं. नेरेत्वाच्या मुखाशी संत्री-मोसंबीच्या बागा आहेत. वरून गोडं पाणी कमी झालं की समुद्राचं खारं पाणी आत सरकतं, ही तिथल्या बागायतदारांची भीती, आणि क्रोएशियाचं सरकारही यावर आक्षेप घेत आलंय. खाली हुतोवोची पाणथळ आहे, पक्ष्यांसाठी जगभर मान्यता मिळालेली, तिचाही जीव याच पाण्यावर.

यावेळी फरक एवढाच, की मोसंबीवाल्याकडे बागेचे कागद आहेत. त्याला किलोने नुकसान सांगता येतं. म्हणून त्याचं म्हणणं दोन देशांच्या बैठकीत पोचतं.

व्येत्रेनित्साला आता पाटी लागली आहे, तिकीट आहे, दिवे आहेत. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचं नाव २०२५ मध्ये त्याच यादीत आलं तेव्हा आपणही फटाके वाजवलेच. झावाल्याच्या लोकांनी साजरं केलं असेल तर त्यात गैर काही नाही, युद्धात जळालेल्या गावाकडे जग पहिल्यांदा चांगल्या कारणाने बघतंय. गुहेच्या तोंडापासून उतार उतरलं की खाली पोपोवोचं मैदान आणि त्यातून जाणारी ती करड्या रंगाची सरळ पन्हळ दिसते. वीजघरांना पाणी हवं असेल तेव्हा ती भरून वाहते. नको असेल तेव्हा ओतलेलं काँक्रीट उन्हात तापत पडलेलं असतं, आणि त्याच्याखाली, डोंगराच्या पोटात, तो मासा.